घरची भाषा

नांदेडच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांनीच गप्पांची बैठक ठेवली होती. विषय होता, आपण घरी कोणती भाषा बोलतो. लातूरला होस्टेलवर राहून शिकणारा मीही गेलो होतो.

किनवटकडची एक मुलगी उठली. ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलेलं, पण मान ताठ.

"आमच्या घरी गोंडी हाय. आश्रमशाळेत पहिल्या दिवशी मी 'एर' मागितलं. एर म्हणजे पाणी. कुणालाच कळलं न्हाई. दुपारपर्यंत तहानलेलीच बसले."

त्या 'एर'ला मागची पोरं हसली. मीही हसलो. ती थांबली, पण खाली बसली नाही. आमच्याकडं बघत म्हणाली, "हसून घ्या. झालं की सांगा, मी पहिल्यापासून सांगते."

आणि तिनं खरंच पहिल्यापासून सांगितलं, तितक्याच सावकाश. या वेळी कुणी हसलं नाही.

आम्ही उदगीरचे. घरी आई कन्नड बोलते, हे मी होस्टेलच्या मित्रांपासून दोन वर्षं लपवलं होतं. माझी पाळी आली तेव्हा ते सगळ्यांसमोर सांगितलं. दोनदा अडखळलो, तरी बोलणं पुरं केलं.

किनवटकडच्या त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलंच. पण मी बोलत होतो तेव्हा ती जरा पुढं सरकून, कान देऊन ऐकत होती.