पुट ऑफचं उदाहरण

धुकं इतकं दाट होतं, की नेहरू नगरातल्या समोरच्या घराची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. हिराताईंनी मफलर आवळला, व्हरांडा झाडून कारखान्याकडून उडत येणारी काळी बारीक धूळ सुपलीत भरली. तुरीच्या शेंगा परातीत ओतल्या. आज सोल्यांची, म्हणजे शेंगांतल्या हिरव्या दाण्यांची, आमटी करायची होती. पण क्लासची वेळ झाली, म्हणून परात तशीच बाजूला सरकवली.

बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून त्या घरी बसल्या होत्या, पण बसतील त्या हिराताई कसल्या. आता व्हरांड्यात मोहल्ल्यातल्या पाच-सहा बायका यायच्या. कोणाला नातवाशी इंग्रजीत बोलायचं होतं, तर मोहन नगरहून स्कूटीवर येणाऱ्या रीनाला हॉस्पिटलच्या काउंटरवर नोकरी हवी होती. हिराताईंची पद्धत एकच. उदाहरण पुस्तकातलं नको, घरातलं पाहिजे. आणि घरात त्यांचे यजमान कृष्णराव होते.

"पुट ऑफ म्हणजे जाणूनबुजून पुढं ढकलणं," हिराताई म्हणाल्या. "उदाहरण?"

"कृष्णराव पुट ऑफ हिज ऑपरेशन," बाया एका सुरात म्हणाल्या. पडद्याआड कोणीतरी खाकरलं.

उन्हाळ्यातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका. कारखान्यात वितळलेल्या लोखंडाचा रंग निळ्या काचेतून पाहून भट्टीची तब्येत सांगणारे हे डोळे आता पुदिन्याला कोथिंबीर समजून आणत. परवा तर दूधवाला समजून त्यांनी शेजारच्या रश्मीच्या सासऱ्यापुढं पातेलं धरलं होतं. त्यावर सगळे हसले. पण गेल्या हप्त्यात त्यांची स्कूटर हायवेच्या दुभाजकाला घासली, त्यावर हिराताई हसल्या नाहीत. गुडघा खरचटण्यावर भागलं होतं. मागून ट्रक असता तर, हा विचार त्यांना पोळी लाटतानाही सोडत नव्हता.

"आता होल्ड अप," त्या म्हणाल्या. "रेल्वेचं फाटक पडलं, आपण अडकलो, उशीर झाला. त्यात आपला दोष नाही."

"मंग मी होल्ड अपच झालो ना," पडद्याआडून आवाज आला. "पोळा आला, तीजा आली, गणपती आले. मंग पितृपक्ष. त्यात कोन ऑपरेशन करते?"

या गावात राहायचा हा एक फायदा. आपले विदर्भाचे सण संपतात न संपतात तोच इथले छत्तीसगढचे दाराशी उभे. टाळणाऱ्या माणसाला वर्ष पुरत नाही.

"अन् दिवाळी होऊन किती दिवस झाले?" हिराताईंनी विचारलं.

"तुळशीचं लग्न होतं. आता पौष लागला. पौषात शुभ काम करत नाही, तुलेच तर चालत नाही."

हिराताईंना खरंच चालत नव्हतं. पौषात त्यांनी कधी नवं भांडंसुद्धा घरात आणलं नव्हतं.

रीनानं वहीतून मान वर केली. "पण काका, ऑपरेशन शुभ काम कुठं आहे? शुभ काम तो शादी-ब्याह होता है. हे तर पौषातच उरकून टाकायचं."

मग पडदा सरकला आणि कानटोपी घातलेले कृष्णराव बाहेर आले.

"कावून वो रीना, तू कोनाच्या बाजूनं आहेस?"

"तुमच्याच, काका."

ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "तीस साल भट्टीपुढं उभा राह्यलो, तवा नाही भ्यालो," ते हळूच म्हणाले. "पण डोळ्यात सुई म्हटलं का भेव वाटते मले."

हिराताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतके महिने सणांची यादी ऐकली होती, हे आज पहिल्यांदाच.

"माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूच्या वेळी सुई नाही, नुसते बधिर करायचे थेंब टाकले, काका," रीना म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मला म्हणाल्या, बहू, किचनमें इतनी धूल?"

बाया हसल्या. कृष्णरावही हसले. "बरं बाप्पा. गिव्ह इन. नमलो म्हना. हिरा, लाव फोन."

हिराताईंनी फोन उचलला. बोट नंबरावर गेलं आणि तिथंच थांबलं.

"आज लावू का?" त्या म्हणाल्या. "थंडी फार आहे हो. जखम लवकर भरत नाही म्हणतात. संक्रांत झाल्यावर..."

सगळ्या बाया त्यांच्याकडे पाहू लागल्या.

"लिहा वो पोरीहो," कृष्णराव म्हणाले. "हिरा इज पुटिंग ऑफ."

हिराताईंचे कान तापले. नवरा हलणारच नाही, या भरवशावरच त्या इतके महिने त्याच्या मागं लागल्या होत्या. तो हलला आणि भीती आता त्यांच्या वाट्याला आली. हॉस्पिटलच्या बाकावर एकटीनं बसायचं, आतून कोणी काही सांगेपर्यंत.

"काकू, मी येईन सोबत," रीना म्हणाली. "काउंटर भी देख लूंगी."

हिराताईंनी फोन लावला. गुरुवारची वेळ मिळाली.

क्लास सुटला, धुकंही विरलं. हिराताई परात घेऊन उन्हात बसल्या. कृष्णराव समोर येऊन शेंगा सोलू लागले.

"अहो, सोले इकडं टाका. टरफलात चालले तुमचे."

"गुरुवार होऊ दे. मंग बरोबर टाकीन."

हिराताई टरफलांत हात घालून एकेक हिरवा सोला वेचून परातीत टाकत राहिल्या.