उंबऱ्याच्या आतला नारळ

आमच्या गावची दंगल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भरायची. दंगल म्हणजे कुस्त्या. शहरातले लोक मारामारी समजतात म्हणून आधीच सांगते. गाव वर्धा जिल्ह्यातल्या तळेगावहून थोडं आत. मोठ्या कुस्तीचं आवतण द्यायची तिथली रीत अशी की, कमिटीचा माणूस पैलवानाच्या ओट्यावर नारळ ठेवून जायचा. घरच्यांनी नारळ आत नेला की जोड पक्की. लढायचं नसेल तर नारळाला हात लावायचा नाही. संध्याकाळी तोच माणूस येऊन मुकाट्यानं उचलून न्यायचा. कोणाला तोंडानं नाही म्हणावं लागत नव्हतं आणि कोणाचा मानही जात नव्हता. रीत चांगलीच होती, पण ती भलत्यांच्या हाती पडली.

नव्वदच्या दशकातले शेवटचे दिवस होते. मी सेलूला दिलेली, सासरी कापडाचं दुकान. पोळ्याला माहेरी आले होते. माझा धाकटा भाऊ घरची शेती करायचा आणि आमच्या भागातला नावाजलेला पैलवान होता. त्या पावसाळ्यात सराव करताना त्याचा उजवा खांदा निखळला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तो बसवला आणि हात गळ्यात बांधून बजावलं की, दिवाळीपर्यंत मातीत उतरायचं नाही, पुन्हा निखळला तर हात कामाचा राहणार नाही. भाऊ तसाच, हात गळ्यात घेऊन, कमिटीच्या अध्यक्षांकडे जाऊन हे सगळं सांगून आला. अध्यक्ष धान्याचे व्यापारी. त्यांनी त्याला चहा पाजला, आराम कर म्हणाले.

आणि पोळ्याच्या दिवशी आमच्या ओट्यावर नारळ येऊन बसला.

का आला, ते पुढं कळलं. अमरावतीकडचा एक मोठा पैलवान बोलावून झाला होता. जीपवर भोंगा लावून तळेगावच्या बाजारात भावाचं नाव ओरडून झालं होतं. आता तो नाही म्हटलं तर गर्दी कशाला येईल? माणूस आजारी आहे हे भोंग्यावरून सांगायला काय जीभ झडणार होती? पण नाही. त्यांनी नारळ पाठवला आणि नशिबावर सोडलं. नशीब तरी कोणाचं, आमचं.

भाऊ गड्याबरोबर बैल धुवायला नाल्यावर गेला होता. मी चुलीपाशी पुरणात अडकलेली. माय बैलांच्या पूजेचं ताट करत होती, घरात कुंकू, हळद, बेगड आणि नारळांचा पसारा. ती ओट्यावर आली तर नारळ जमिनीवर. खांद्याचं अध्यक्षांना सांगून झालं होतं, तेव्हा हा आवतणाचा असेल असं तिच्या मनातही आलं नाही. तिच्या लेखी नारळ भुईवर ठेवणं म्हणजे पाप. शेजारीण पूजेचा नारळ विसरून गेली असं समजून तिनं तो पदरानं पुसला आणि देवापुढं नेऊन ठेवला. कमिटीचा माणूस समोरच्या पारावर टपूनच बसला होता. दुपारीच भोंग्यावर जोड जाहीर झाली.

भाऊ भोंगा ऐकून घरी आला आणि त्यानं देवापुढचा नारळ पाहिला. परत कर, मी म्हटलं. देवापुढं ठेवलेला नारळ परत कसा न्यायचा, असं म्हणून त्यानं मान खाली घातली. मग मीच उठले, नारळ ओटीत घेतला आणि कमिटीच्या मांडवात गेले. तिथं बायका जात नसत. मी गेले.

अध्यक्षांसमोर नारळ ठेवून मी सांगितलं की मायनं चुकून उचलला, खांद्याचं तुम्हाला ठाऊक आहे.

ते नारळाकडं बघेनात. म्हणाले, "नारळ घरात गेला न बाई. आता जोड तुटत नाई."

"अन् हात तुटला तर?"

"आंग ज्याचं त्याले मालूम राह्यते. आमी काय डाक्टर आहो?"

आजही ते वाक्य आठवलं की माझं डोकं सणकतं. डॉक्टर नव्हता तुम्ही, पण डॉक्टरचं म्हणणं तुमच्या कानावर घातलं होतं ना? आखाडा तुमचा, पंच तुमचे, जोड लावणारे तुम्ही. मग मातीत उतरणाऱ्याचं शरीर तेवढं त्याचं एकट्याचं?

दुसऱ्या दिवशी भाऊ उतरला. घराचा शब्द गेला म्हणतील, म्हणून उतरला. मी शाळेच्या गच्चीवरून पाहत होते. तो एकाच हातानं झुंजतोय हे समोरच्या पैलवानाच्याही ध्यानात आलं असावं. त्यानं थांबून पंचांकडं पाहिलं. पंचांनी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी चालू द्या अशी खूण केली. पुढच्याच पकडीत भाऊ ओरडला, आणि डफडी थांबली.

तो हात पुन्हा छातीच्या वर गेला नाही. सदरा घालायलाही त्याला माणूस लागायचा. कमिटीचं एक माणूसही दवाखान्यात फिरकलं नाही. उलट गावभर सांगत सुटले, म्हातारीनं नारळ घेतला, आम्ही काय करणार. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढावं, ते यांच्याकडून शिकावं. सगळ्यात वाईट म्हणजे मायला ते पटलं. जेवताना लेकाच्या हाताकडं बघायची आणि भरल्या ताटावरून उठून जायची.

बऱ्याच वर्षांनी, गावात मोबाइल आल्यावर, कमिटीला जुन्या पैलवानांचा सत्कार करायची हुक्की आली. अध्यक्ष तेच. शाल आणि नारळ घेऊन आमच्या ओट्यावर आले. मी तेव्हा माहेरीच होते, भाऊ शेतावर गेला होता. माय पार वाकली होती. ती भिंतीला धरून दारात आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"पानी प्या भाऊ," ती म्हणाली. "नारळ बाहेरच राहू द्या."

अध्यक्ष हसले, म्हणाले, काकू, हा तर मानाचा आहे. ती हलली नाही. शेवटी नारळ ओट्यावर ठेवून ते गेले.

संध्याकाळी न्यायला कोणी आलं नाही. नारळ भुईवर तसाच पडून राहिला. सकाळी माय ओटा झाडायला आली. मी तिच्याकडं पाहत होते. तिनं सगळा ओटा झाडला, नारळ सोडून.