मेंढीच्या तोंडाची अव्वा

चनबसप्पा चहावाल्याचा आवाज काढायचा तर आधी नाक चिमटीत धरावं लागतं. "शिवानंदा, आरं बाईच्या धडाला मेंढीचं तोंड! पोरं झोपंत मुतत्यात की तुझ्या चित्रांनी!"

शिवानंदकाका हसायचे नाहीत. पूर्वी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले, पाट्या संपल्या आणि काका एकच बाई रंगवत बसले. कधी ती विहिरीतून झाडासारखी उगवलेली, कधी तिच्या केसांतून पाणी गळतंय. कुशीत कोकरू ठरलेलं. ती त्यांची आई, मल्लव्वा. मैंदर्गीजवळ मेंढरं राखायची. काका पाच वर्षांचे असताना त्यांनी दावं सोडलं, कोकरू विहिरीत पडलं आणि त्याच्यामागे आई, असं त्यांना सांगितलेलं. आजही काका भरल्या बादलीत वाकून बघत नाहीत. आईचा फोटो नाही. चेहरा आठवत नाही.

तो चेहरा पाहिलेली एकच उरली होती, आईची धाकटी बहीण नागम्मा. काचबिंदूने तिची नजर महिन्यागणिक विझत चालली, तसं काकांनी तिला घरी आणलं.

"कपाळ आपल्या काळ्या मेंढीवानी. वठ बांड्या मेंढीचं. भ्याली की नाकपुड्या अशा फुलायच्या."

"मावशे, माणसासारखं सांग की!"

"दोनशे मेंढरं तोंडावरनं वळखली मी. माणसं कुटं एवढी बघितली?"

मग काका तसंच काढू लागले. प्रत्येक चित्राला मावशीची मान हलायची. "न्हाय. ही न्हाय."

गेल्या शनिवारी तिने कॅनव्हासला नाक टेकवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

"हीच. तुझी अव्वा."

काकांनी ब्रश खाली ठेवला.

"पर कोकरू पूस."

"का?"

"विहिरीत कोकरू व्हतंच कुटं? ते माझ्यापाशी वरडत हुतं. अक्का एकलीच गेली. आपल्या पायानं."

"आणि दावं?"

"कुणीच सोडलं न्हवतं. तू 'कोकरू कुटं' म्हणून रडत हुतास, लोकांनी तेच धरलं. आमीबी धरू दिलं. बाईनं जीव दिला म्हणण्यापरास बरं."

"माझ्यावर घातलंत, मावशे."

"तू ल्हान हुतास. इसरशील वाटलं."

चहा घेऊन आलेला चनबसप्पा कप दारातच ठेवून परतला.

रंग ओला होता. काकांनी चिंधी घेतली. आधी कोकराचे कान गेले, मग पोट, मग लोंबणारे पाय. आईचे हात मात्र तसेच राहिले, वाकलेले.

"या हातांचं काय करू?"

"ते मला दिसंनात," मावशी म्हणाली.