चमच्यावरचं वार्निश

त्याचं खरं आडनाव पोस्टमन सोडून कुणीच वापरत नसे. तंत्रशाळेच्या वर्कशॉपात तीस वर्षं तो पोरांवर एकच वाक्य ओरडत आला, "दम धरा!", आणि पोरांनी त्याचं नाव दमधरे ठेवून दिलं. निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. पुढं पुढं त्याची वहिनीसुद्धा त्याच्या माघारी त्याला दमधरेच म्हणायची.

माणूस म्हणून तो कसा होता ते विचारू नका. वार्निशच्या बाबतीत मात्र देवमाणूस. लाकडाच्या छोट्या छोट्या गाड्या, पूल, इंजिनं तो हुबेहूब बनवायचा आणि शेवटी त्यावर पारदर्शक वार्निशचे तीन पातळ हात द्यायचा. "वाळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं," हे त्याचं आवडतं वाक्य. वार्निश वरून एका दिवसात वाळतं, पण आतून आठवडेच्या आठवडे मऊ राहतं. तेवढ्यात कुणी हात लावला की ठसा उमटलाच. म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर तो एका प्लॅस्टिकच्या चमच्यालाही त्याच डब्यातलं वार्निश, त्याच वेळी, तितकेच हात द्यायचा. मग वस्तूला बोट लावायचं नाही, चमच्याला लावायचं. चमच्यावर नख दाबून खूण उठली नाही आणि नाकाशी धरून वास आला नाही, की वस्तू तयार. या नियमापुढं त्यानं शाळेच्या मुख्याध्यापकांनाही भीक घातली नव्हती.

खालच्या मजल्यावर त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी राहायचे. दादानं सव्वीस वर्षं खाडीवर प्रवाशांची लाँच चालवली. मग साखरेनं त्याचे डोळे नेले, आणि त्याच वर्षी लाँचही भंगारात गेली. दादा रडला तो लाँचसाठी. डोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"मला एकदा ती हातात दे," तो धाकट्याला म्हणाला. "तुला येतंय ना बनवायला? मी हातानं बघेन."

दमधरे कामाला लागला. एका जुन्या फोटोवरून आणि दादाच्या आठवणीवरून त्यानं हातभर लांबीची लाँच घडवली. बाक, कठडे, सुकाणूचं चाक, पितळी तारेची झेंड्याची काठी, सगळं जिथल्या तिथं. सहा महिने गेले. तेवढ्यात साखर दादाच्या हातांकडं वळली. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, की बोटं टोकाकडून बधिर होत जातील, आणि गेलेलं परत येणार नाही.

वहिनी धापा टाकत जिना चढून वर आली. "भावोजी, काल यांना शर्टाचं बटण लागेना. झाली असेल तर द्या हो लाँच."

"परवाच तिसरा हात दिलाय. चार आठवडे दम धरा."

"बोटं दम धरतील का?"

त्यानं धूळ बसू नये म्हणून लाँचवर काचेची पेटी उलटी ठेवली आणि चमचा खिडकीत टांगला. इथंच तो चुकला, आणि तीस वर्षं पोरांचे कान पिळणारा हा माणूस शिकाऊ पोरासारखा चुकला. खिडकीतल्या चमच्याला मोकळी हवा मिळत होती. पेटीतल्या लाँचला ती मिळत नव्हती, तिचा वास आतल्या आतच कोंडला होता.

चार आठवड्यांनी चमच्यावर नख उठलं नाही. दादाला हाताला धरून वर आणलं, खुर्चीत बसवलं. दमधरेनं पेटी उचलली आणि भपकन वास आला. तो दचकून "थांब!" म्हणेपर्यंत दादाचे दोन्ही हात लाँचवर पोचलेसुद्धा.

"हा कठडा," दादा म्हणाला. त्याची बोटं सावकाश चालत होती. "हे बाक. एक, दोन, तीन... ही खिडकी. अरे! हिचा कोपरा तुटकाय! हातोडी निसटली होती माझी. गाढवा, तू तेही केलंस?" आणि तो हसायला लागला. वहिनीनं इतक्या दिवसांत त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला.

दमधरेला मात्र फक्त ठसे दिसत होते. छपरावर चार, कठड्यावर दोन. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं टेबलावरची पोलादी पट्टी उचलली आणि दादाच्या बोटांवर हाणली.

"आंधळा झालास, बहिरा नाहीस ना? थांब म्हटलं ना!"

दादानं हात मांडीवर घेतले.

"लागली तर लागली," तो हळूच म्हणाला. "म्हणजे अजून लागतंय. चिकट तर चिकट, अशीच दे मला. रोज हात फिरवीन. मला दिसली रे ती."

"असली घाण माझ्या हातून बाहेर जात नाही."

त्याच दुपारी त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि सगळं वार्निश खरवडून काढलं. दादाचे ठसे आधी काढले.

पुन्हा तीन हात. या वेळी पेटी नाही, आणि चमचा लाँचच्या शेजारीच. पावसाळी हवा होती. चार आठवड्यांचे दहा झाले. रोज सकाळी दादा जिन्याखालून हाक मारायचा, "वाळली का रे?" वरून उत्तर यायचं, "वाळली, पक्की नाही." एकदा वहिनी वर येऊन म्हणाली, की आता चहाचा कप त्यांच्या हातातून सुटतो, मीच पाजते. दमधरेनं चमच्यावर नख दाबून बघितलं आणि मान हलवली. पुढं पुढं खालून हाक यायची बंद झाली. तेही त्याला बरंच वाटलं, कामात खंड पडत नव्हता.

अकराव्या आठवड्यात त्यानं लाँच खाली नेली. काचेसारखी झाली होती. असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, खोटं कशाला बोला. त्यानं ती दादाच्या मांडीवर ठेवली.

"बघ. आता हवी तितकी दाब."

दादाचे हात लाँचवर इकडून तिकडं फिरले. "वा," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "खिडकी कुठंय रे?"

त्याचं बोट तुटक्या कोपऱ्यावरच होतं.

वहिनीनं दमधरेकडं पाहिलं. दमधरेनं खाली पाहिलं.

"छान झालीय हं," दादा म्हणाला. परक्याच्या घरी पोटभर झालं म्हणतात, त्या आवाजात. तो उगाचच हात फिरवत राहिला, जोर देऊन, काही लागतंय का बघत. झेंड्याच्या काठीवर त्याचा तळवा टेकला, तार आत गेली, तरी तो दाबतच राहिला.

"अहो, रक्त!" वहिनी ओरडली.

"कुठं?" दादानं विचारलं.

वहिनी त्याचा हात सोडवायला धावली. छपरावर रक्ताचे थेंब पडले होते. दमधरेनं खिशातलं फडकं काढलं आणि आधी लाँच पुसली. वार्निश पक्कं झालं होतं. एका हातात सगळं निघालं, डागसुद्धा राहिला नाही.