खंडेनवमीचा ओरखडा

कुरुळीत माझं टायर आणि व्हील बॅलन्सिंगचं दुकान आहे. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांना हात लावत नाहीत. पान्हे, जॅक, हीट गन, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याची आरती होईपर्यंत जागचं हलवायचं नाही. वडिलांनी घालून दिलेली रीत, मी कधी मोडली नव्हती.

त्या वर्षी पाट मांडून झाला होता, मशीनला हार घालायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात एका कंपनीतल्या साहेबांची गाडी दारात उभी राहिली. चालवणारे मामा महाळुंग्याचे, पन्नाशी उलटलेले, माझं जुनं गिऱ्हाईक.

"भाऊ, इस्टेरिंग लई थरथरतंय. उद्या साहेब घरच्यांस्नी घेऊन गावाला निघायचेत. आज न्हाई म्हणू नका."

नाही म्हणता न येणं हा माझा जुना रोग. गाडीतलाच जॅक-पाना वापरून चाक काढलं आणि मशीनवर चढवलं. अलॉयचं चाक, काळंकुळकुळीत रंगवलेलं, आतल्या बाजूला तोल साधायला आधी कुणीतरी चिकटवलेली वजनं. ती काढायची म्हणजे हीट गनच्या गरम हवेने गोंद नरम करायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद सोडवायचा. दोन्ही वस्तू पाटावर, कुंकू लावलेल्या. देव कोपेल म्हणून मी त्यांना शिवलो नाही. मामा चहा आणायला समोरच्या टपरीवर गेले होते. मी गाडीच्या डिकीतला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि वजनाखाली घातला. वजन निघालं, पण सोबत बोटभर रंगही निघाला. काळ्यावर पांढरा धातू बाहेरूनही आऱ्यांमधून लख्ख दिसायला लागला.

दारावरच्या एका ओरखड्यापायी साहेबांनी आधीच्या ड्रायव्हरला घरी बसवलं होतं, हे मामांनीच मला सांगितलं होतं. त्यांच्या घरात कमावणारे ते एकटेच. आणि मी काय करावं? टेबलावरचा काळा मार्कर उचलला, ओरखडा रंगवला, नवी वजनं चिकटवली आणि मामांनी आणलेला चहा प्यालो. त्याची चव काही कळली नाही. नंतर दिवसभर फोन वाजला की मी दचकत होतो.

दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार ओवत होतो, तर तीच गाडी पुन्हा दारात. मामांचा चेहरा पडलेला. मागच्या दाराने पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"भाऊ, माझ्या हातनं घात झाला," मामा म्हणाले. "पूजंसाठी गाडी धुतली. चाकं भांड्याच्या घासनीनं घासली. आतला रंगच गेला बघा. धा वाजता साहेब निघनार. कायतरी करा, न्हाईतर माझं काय खरं न्हाई."

माझ्या मार्करचा रंग त्यांनी घासून काढला होता आणि खालचा ओरखडा ते स्वतःचा समजत होते.

सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण साहेब दुकानात आले तर? कंपनीच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे येतात, त्या बंद झाल्या तर? मी फक्त "होईल" म्हणालो. आरती व्हायची होती, तरी पाटावरची हीट गन उचलली. तेव्हा मात्र देव आठवला नाही. पॉलिश पेपर फिरवला, काळा रंग मारला, गरम हवेने वाळवला.

साडेनऊला चाक बसलं. कुणाला शंका येणार नाही असं काम झालं होतं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. खिशातली आपट्याची पानं त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि वयाने एवढे मोठे असून माझ्या पायाशी वाकायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून उठवलं.

मामांची नोकरी टिकली. कंपनीत नवा ड्रायव्हर आला की ते त्याला माझ्याकडे घेऊन येतात. ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात आणि त्याला सांगतात, "माझी चूक या भाऊनं पोटात घातली. कुनाला कळू दिली न्हाई. तू बी कदी चुकलास तर हितंच ये."

मी मान डोलावतो.