चिकटवलेला बोल्ट

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तोंड उघडतंय — नाहीतर ओळखीच्या माणसासमोर हे बोलायला मला जमलं असतं का?

परळला एका चाळीच्या मागे आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे आता माझं. सुरू केलं ते माझ्या वडिलांनी आणि त्यांचे दोस्त तात्या यांनी. दोघं एकाच गिरणीत फिटर होते; गिरणी बंद पडल्यावर दोघांनी मिळून पत्र्याची शेड टाकली. वडील लवकर गेले. पाना कसा धरायचा ते मला तात्यांनी शिकवलं.

तात्या मालवणकडचे. गंजून बसलेला बोल्ट समोर आला की आपण सगळे आधी जोर लावतो. ते लावायचे नाहीत. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, तेल सोडायचं, डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, थोडा शेक — आणि मग थांबायचं. "घाई करू नको रे, सुटतलो तो," म्हणायचे. कधी एक दिवस थांबायचं, कधी दोन. मला त्या थांबण्याचा राग यायचा. की तात्यांचाच यायचा? गिऱ्हाईक यायचं ते सरळ त्यांच्याकडे बघून बोलायचं, मी तिथेच उभा असलो तरी.

मच्छीमार नगरातल्या हिरामावशींचा टेम्पो आमच्याकडे यायचा. मासळी आणि बर्फ वाहणारी जुनी गाडी. सतत खारं पाणी गळायचं, त्यामुळे खालचा एकही बोल्ट धड सुटायचा नाही. त्या दिवशी मागच्या चाकाच्या ब्रेकमधून तेल गळत होतं. ब्रेकचं छोटं सिलिंडर दोन बोल्टांवर बसतं. ते काढून आतले रबर बदलायचे, एवढंच काम. एक बोल्ट निघाला. दुसरा जाम. तात्यांनी त्यावर तेल सोडलं, "उद्या बघू" म्हणाले, आणि डोळे तपासायला इस्पितळात गेले. मोतीबिंदू वाढत होता त्यांचा.

ते वळणाआड जाताच मी हिरामावशींना फोन लावला. म्हटलं, "संध्याकाळी गाडी घेऊन जा."

पान्यात लांब पाईप घातला आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. बोल्टचं डोकं तुटून खाली पडलं. बाकीचा बोल्ट आतच राहिला.

तेव्हासुद्धा काही बिघडलं नव्हतं, बघा. आतला तुकडा ड्रिल मारून काढता येतो. नाहीतर नवं सिलिंडर मिळतं. फक्त एक सांगावं लागलं असतं — माझ्याकडून तुटला, तात्यांचं बरोबर होतं. एवढं जड होतं ते? डोकं तुटल्यामुळे सिलिंडर मोकळं झालंच होतं; मी रबर बदलले, सिलिंडर एकाच बोल्टवर कसलं, आणि दुसऱ्या भोकावर ते तुटलेलं डोकं लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा, लावून चिकटवलं. वरून ग्रीस फासलं. बोटाने. कडेकडेने, नीट. ब्रेकचं काम आहे हे मला पक्कं माहीत होतं. हेच ते बोट — जेवताना मधेच त्याच्याकडे लक्ष जातं आणि घास तोंडात फिरतो.

तात्या परत आले ते डोळ्यांत औषध घालून. सगळं धूसर दिसत होतं त्यांना. चाकाशेजारी स्टुलावर बसले. "निघाला काय रे?"

"निघाला," मी म्हणालो.

"शाबास!" आणि पाठीवर थाप. ती थाप मी घेतली.

हिरामावशींचा भाऊ भास्कर मासेमारीला होडीवर जायचा; तो येऊन टेम्पो घेऊन गेला.

आठवड्याच्या आत पुलाच्या उतारावर ब्रेक लागला नाही. समोर सिग्नलला माणसं उभी होती, म्हणून भास्करने गाडी कठड्यावर घातली. उजवा पाय गुडघ्याखाली चेचला. पाय वाचला, पण होडीवर उभं राहण्याच्या कामाचा उरला नाही.

हिरामावशी आल्या त्या बोल्टचं ते डोकं मुठीत घेऊन. लांबी अजून चिकटलेली. "हे कोणी बसवलं?" एवढंच विचारलं त्यांनी.

आणि मी — क्षणाचाही वेळ न लावता — म्हणालो, "मी नुसते रबर बदलले, मावशी. बोल्ट तात्यांनी कसले. डोळ्यांत औषध होतं त्या दिवशी त्यांच्या."

शेजारीच बसलेल्या तात्यांनी ते डोकं हातात घेतलं. डोळ्याजवळ नेलं. नखाने लांबी उकरली. मग माझ्याकडे बघितलं — आणि म्हणाले, "चुकलं माझं." का म्हणाले? मी कधी विचारलं नाही. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. पुढे ते रोज भास्करसाठी इस्पितळात डबा नेत राहिले. मी एकदाही गेलो नाही.

गल्लीत बातमी पसरली. ब्रेकच्या कामाला त्यांना कोणी हात लावू देईना. हळूहळू ते यायचेच थांबले, आणि मी पाटी नव्याने रंगवून घेतली. एकट्या माझ्या नावाची.

मोतीबिंदू काढल्यानंतर ते कधीमधी चहाला येऊन बसायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने चेष्टा केली, "काय तात्या, आता बोल्ट दिसतात ना?"

"तेव्हा पण दिसायचे रे," तात्या म्हणाले.

सगळे हसले. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

गेल्या वर्षी तात्या गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून दहाव्याला लोकांना नमस्कार करायला दारात मी उभा होतो. भास्कर लंगडत आला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "त्यांची एवढी मोठी चूक पोटात घातलीस. शेवटपर्यंत चहा पाजलास. मन मोठं लागतं."

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "माझ्या वडिलांसारखे होते ते."