फास्ट रील आणि आईचा हात

किया ओरा मंडळी, म्हणजे आमच्या इकडचा नमस्कार! आज पुण्याहून आलेल्या आईला मासेमारीला नेलं.

अमेरिकन बास फिशिंगचे व्हिडिओ बघून मी गळाची दोरी गुंडाळणारी दोन बेटकास्टर रील घेतलीत. आमिष झपझप ओढायला फास्ट, तळाशी हळू फिरवायला स्लो. इथे बास मासे नाहीत, पण इथल्या स्नॅपर माशालाही संथ आमिष आवडतं. म्हणून स्लो रील मी ठेवलं. आमिष पाण्यात टाकून फास्टवालं आईच्या हातात दिलं, टाइमपास म्हणून.

तासभर माझ्या गळाला काहीच नाही. आणि मासे न खाणाऱ्या आईला मस्त स्नॅपर!

तिने तो लगेच सोडायला लावला. वर म्हणाली, "अगं, किती भराभरा फिरवतेस! कुठे जायचंय आपल्याला?"

रविवार होता. कुठेच जायचं नव्हतं.

स्लो रील दुकानात मिळालं हो. आईसारखा संथ हात तुम्ही कुठून आणलात?